सहीच्या आधी : हृदयाचा घराण्यातला आजार आणि संशोधनातील आपला सहभाग

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हांला बोलावयास सांगितले तेव्हा विषय दिला होता 'आरोग्य आणि समाज'. विषय फार मोठा आहे आणि आम्ही काही डॉक्टर नाही. बी. ए. झालो, बँकेत लागलो आणि गेली वीसेक वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसून लोकांच्या सह्या पडताळून पाहण्याचे काम करीत आहोत. तेव्हा आरोग्यावर व्याख्यान देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या घरात एक आजार निघाला, त्या आजाराच्या संशोधनात आमच्या घरच्यांनी भाग घ्यावा की न घ्यावा यावरून मोठा वाद झाला, आणि त्या वादात आम्ही स्वतः एक चूक करून बसलो. तेवढेच आज आपल्यापुढे मांडावे असे ठरवून आलो आहोत.

सुरुवात मिरवणुकीपासून करावी लागेल. आमचा एक आतेभाऊ होता. गिरणी कामगाराचा मुलगा, वय एकोणतीस, अंगाने धट्टाकट्टा, लेझीम खेळण्यात पुढे. एका 14 एप्रिलच्या मिरवणुकीत तो लेझीम खेळता खेळता बाजूला येऊन खाली बसला, तो पुन्हा उठला नाही. सोलापूरचे एप्रिलमधले ऊन आपणा सर्वांना ठाऊक आहे. 'उन्हाचा तडाखा बसला' असे सगळे म्हणाले, आम्हीही म्हणालो. कोणी हळूच 'पोरगं व्यसनी असेल' असेही बोलले. त्याने आयुष्यात कधी सुपारीसुद्धा तोंडात टाकलेली नव्हती.

त्यानंतर काही वर्षांनी त्याची सख्खी बहीण, म्हणजे आमची आतेबहीण, जिना चढताना चक्कर येऊन पडली. दोनदा पडली. अशक्तपणा म्हणून रक्तवाढीच्या गोळ्या झाल्या. तिसऱ्यांदा पडली तेव्हा एका डॉक्टरांनी छातीची सोनोग्राफी, जिला इको म्हणतात, ती करावयास लावली. हृदयाच्या मधल्या भिंतीची जाडी 21 मिलिमीटर निघाली. साधारण माणसाची ती 12 मिलिमीटरच्या आत असते. डॉक्टरांनी दुसरे काही विचारण्याआधी एकच प्रश्न विचारला : घरात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे का? आत्याने भिंतीवरच्या फोटोतल्या मुलाचे नाव सांगितले. मग आठवू लागली तशी आणखी दोन नावे निघाली, एक तिच्या नवऱ्याच्या चुलत्याचे आणि एक नणंदेचे. ती नणंद बाळंतपणानंतर गेली होती आणि तिच्या मरणाचे खापर सासरच्यांवर फोडून दोन कुटुंबांनी वीस वर्षे बोलणे टाकले होते.

या आजाराला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. नाव जड आहे, म्हणून आम्ही त्याला आज 'जाड भिंतीचा आजार' म्हणू. हृदयाचा स्नायू कारण नसताना जाड होतो, आतली जागा कमी पडते, काहींच्या बाबतीत रक्त बाहेर पडण्याच्या वाटेलाच अडथळा येतो. दम लागणे, छातीत दुखणे, श्रम करताना चक्कर येणे ही लक्षणे. पुष्कळांना आयुष्यभर काहीच होत नाही. आणि थोड्यांच्या हृदयाची लय एकाएकी बिघडून, पळताना किंवा खेळताना, कधी काहीही न करताना, जागेवर मृत्यू येतो. आजार जनुकातून उतरतो. आई किंवा बाप यांपैकी एकाला असला तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी.

दुर्मिळ आजार म्हणून याची गणना होते. पण आम्हांला आकडेमोडीची सवय आहे. अमेरिकेत चार हजारांहून अधिक तरुण माणसांची तपासणी करून 1995 साली असे मांडले गेले की, साधारण पाचशे माणसांत एकाला हा आजार असतो. 2011 च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या 9,51,558 होती. भागाकार केला तर सुमारे एकोणीसशे माणसे होतात. आता ते अमेरिकेचे प्रमाण आपल्याला जसेच्या तसे लागू पडते का? हा प्रश्न आपण विचारलात तर तो बरोबर आहे, कारण नेमके तेच कळावे म्हणून आपल्या लोकांवर संशोधन व्हावे लागते. सोलापुरात अशी माणसे किती आहेत हे मोजले जात नाही. त्यांतली काही उन्हाच्या खात्यावर जमा होतात, काही अशक्तपणाच्या.

आता संशोधनाकडे येतो. 1961 साली कॅनडातील क्वेबेक प्रांतात डॉ. पारे यांनी एका फ्रेंच-कॅनेडियन कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. पिढ्यान्‌पिढ्या त्या घरात माणसे तरुणपणी अचानक जात होती. त्या घरच्या माणसांनी आपली तपासणी करू दिली, रक्त दिले, वंशावळ सांगितली. पुढच्या पिढीनेही नाही म्हटले नाही. जवळजवळ तीस वर्षांनी, 1989 साली, अमेरिकेतील ख्रिस्टीन व जोनाथन सायडमन या शास्त्रज्ञ दांपत्याच्या चमूने त्याच घराण्याच्या रक्तावरून दाखवून दिले की, दोष चौदाव्या गुणसूत्रावर आहे, आणि 1990 मध्ये ते जनुकच हाती लागले. या आजाराचे सापडलेले ते पहिले जनुक. ज्यांनी 1961 मध्ये रक्त दिले त्यांतल्या कित्येकांना त्याचा स्वतःसाठी काही उपयोग झाला नसणार. संशोधनात भाग घेणे याचा हा पहिला अर्थ आहे आणि तो कडू आहे, म्हणून आधीच सांगितलेला बरा.

आपल्याकडची गोष्ट याहून जवळची आहे. सोलापूरहून हैदराबाद ते केवढे अंतर! तिथे सीसीएमबी, म्हणजे पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्र, नावाची सरकारी संशोधन संस्था आहे. 2009 साली तिथले डॉ. कुमारसामी थंगराज, त्यांचे सहकारी पेरुंदुराई धंदापाणी आणि इतर अनेकांनी मिळून एक निबंध प्रसिद्ध केला. हृदयस्नायूतील एका प्रथिनाचे जनुक आहे, त्याचे नाव एमवायबीपीसी-थ्री. माणसाच्या जनुकांची सगळी वही धरली तर ती सुमारे तीनशे कोटी अक्षरांची. त्या वहीत या जनुकाच्या पानावर 25 अक्षरे गाळली गेली आहेत, अशी माणसे भारतात शंभरात सुमारे चार आहेत, असे त्यांना आढळले. आठशे हृदयरुग्ण आणि सुमारे सातशे निरोगी माणसे यांची तुलना त्यांनी केली. रुग्णांत ही गळती कितीतरी अधिक प्रमाणात दिसली, जवळजवळ सातपट धोका असल्याचे गणित निघाले. शिवाय देशभरातील शंभरावर समाजगटांतील सहा हजारांहून अधिक माणसांचे नमुने पाहिले. जगाच्या इतर बहुतेक भागांत ही गळती सापडलीच नाही. म्हणजे हा प्रश्न आपलाच, आणि युरोप-अमेरिकेतल्या लोकांचे रक्त तपासून तो कधीच दिसला नसता.

त्या वेळी वर्तमानपत्रांत मथळे आले की कोट्यवधी भारतीयांच्या हृदयात टाइम बॉम्ब. आमच्या बँकेतल्या एका सहकाऱ्याने ते कात्रण अजून जपून ठेवले आहे. पण पुढे काय झाले ते फारसे कोणी छापले नाही. 2018 साली डॉ. शक्तिवेल सदायप्पन यांच्या चमूने अमेरिकेत राहणाऱ्या दक्षिण आशियाई माणसांची तपासणी केली. 25 अक्षरांची गळती असलेल्या बहुतेकांची हृदये ठीकठाक होती. मात्र त्यांतल्या थोड्यांमध्ये त्याच जनुकात आणखी एक बदल होता आणि हृदयाच्या कामात फरक दिसत होता तो त्यांच्यात. 2020 साली आणखी एक अभ्यास आला. त्यात असे दिसले की, धोका या गळतीमुळे नसून तिच्या शेजारी असलेल्या एका वेगळ्या अक्षरबदलामुळे आहे, आणि तो बदल गळती असलेल्यांपैकी थोड्यांतच असतो. शंभरात चारांवर जी टांगती तलवार 2009 मध्ये दिसली ती अकरा वर्षांनी फार थोड्यांवर उरली. बाकीच्यांची धास्ती गेली.

विद्यार्थी मित्रांनो, इथे जरा थांबा. पहिले संशोधन खोटे होते म्हणून हे घडले का? तसे मुळीच नाही. पहिल्यांनी खूण दाखवली, दुसऱ्यांनी खुणेपाशी जाऊन खणले. आणि खणता आले ते नव्या माणसांनी रक्त दिले म्हणून. आज आपल्यापैकी कोणी जनुकाची तपासणी केली तर पुष्कळदा अहवालात लिहून येते की बदल सापडला आहे, अर्थ अनिश्चित. अनिश्चित का? तो बदल निरोगी भारतीयांत किती आढळतो हे ताडून पाहण्यासाठी नोंदी पुरेशा नाहीत. अलीकडे जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पात 83 समाजगटांतील सुमारे दहा हजार निरोगी भारतीयांची जनुकीय वही वाचून झाली आणि जानेवारी 2025 मध्ये ती माहिती फरीदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुली करण्यात आली. चांगले झाले. परंतु दहा हजार निरोगी माणसे हा झाला खातेवहीचा एक रकाना. रुग्णांचा रकाना भरायचा तर ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनीच पुढे यावे लागेल.

हे सगळे आम्हांला आज माहीत आहे. ज्या दिवशी आतेबहिणीच्या उपचारासाठी परगावच्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो त्या दिवशी यांतले काहीही माहीत नव्हते. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की, आम्ही अशा घराण्यांचा अभ्यास करतो, घरातल्या अकरा जणांचे रक्त आणि इको लागेल, इको फुकट होईल. फुकट म्हटल्यावर आम्ही सगळ्यांना घेऊन गेलो. नऊ पानांचा फॉर्म पुढे आला, इंग्रजी. आम्ही शेवटचे पान उलटले, सही केली. आत्याचा अंगठा आम्हीच धरून उमटवला आणि बाजूला साक्षीदार म्हणून पुन्हा आमचीच सही.

आम्ही! जो माणूस काउंटरवर रोज म्हाताऱ्या खातेदारांना सांगतो की, बाई, कोऱ्या स्लिपवर अंगठा देऊ नका. बँकेत अंगठ्याचा व्यवहार असला तर साक्षीदार कोण, त्याचा या पैशाशी संबंध आहे का, हे आम्ही दहा वेळा पाहतो. दोनशे रुपयांसाठी पाहतो. आणि इथे अकरा माणसांचे रक्त, वंशावळ, सगळे बारकावे आम्ही पाच मिनिटांत सही करून दिले, कारण समोर पांढरा कोट होता आणि इको फुकट होता.

चौदा महिने काही निरोप आला नाही. फोन केला तर कोणी सांगेना. शेवटी आमच्या भाचीने, म्हणजे आतेबहिणीच्या मुलीने, ती बी. एस्सी. ला आहे, कपाटातून ती प्रत काढली आणि सहाव्या पानावरची ओळ दाखवली. वैयक्तिक निकाल कळविला जाणार नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले होते. ती म्हणाली, "मामा, तुम्ही तरी वाचलाव का ओ हे?" आम्ही काय उत्तर देणार!

त्या संशोधकांनी फसवले असे आम्ही म्हणणार नाही. लिहिले होते, आम्ही वाचले नाही. मात्र आत्याला वाचता येत नाही, तिला ते मराठीत कोणी समजावून सांगितले नाही आणि तिचा साक्षीदार तिचाच भाचा, जो घाईत होता. हे चुकले. त्यात त्यांचाही वाटा आहे आणि आमचाही.

दुसऱ्यांदा विचारणा झाली ती वेगळ्या ठिकाणाहून. या वेळी घरात बैठक बसली. आत्याच्या थोरल्या दिरांनी सरळ नकार दिला. त्यांचे म्हणणे दोन प्रकारचे होते आणि दोन्ही आम्ही इथे जसेच्या तसे मांडतो, कारण आपल्यापैकी कित्येकांच्या मनात तेच असणार.

पहिले म्हणणे असे की, प्रयोगाला आपलीच माणसे का सापडतात? या म्हणण्याला हसू नये. अमेरिकेत अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे 1932 पासून 1972 पर्यंत चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सहाशे गरीब काळ्या पुरुषांचा अभ्यास केला. त्यांतल्या 399 जणांना उपदंश म्हणजे सिफिलिस होता. रोग काय आहे हे त्यांना सांगितले नाही, आणि पेनिसिलिन हे गुणकारी औषध मिळू लागल्यावरही ते दिले नाही, कारण उपचार न केल्यास काय होते ते पाहायचे होते. 1997 साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली. आपल्या देशातही 2009-10 मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस हजारो मुलींना अभ्यास म्हणून देण्यात आली. काही मुलींच्या मृत्यूनंतर ओरड झाली. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत दिसून आले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण दिसले ते हे की, खम्ममच्या वसतिगृहांतील आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. आज इथे वसतिगृहातले विद्यार्थी बसले आहेत. तुमच्या वतीने वॉर्डनने सही करावी का, याचा विचार तुम्हीच करा.

तेव्हा दिरांची शंका रास्त. पण त्या शंकेचे फळ म्हणून काही नियम आज हातात आहेत, ते वापरले पाहिजेत. 2019 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या यांचे नियम लागू केले. संमतिपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत हवे, त्याची प्रत त्याला मिळाली पाहिजे, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी निष्पक्ष साक्षीदार हवा. कोणत्याही टप्प्यावर बाहेर पडता येते आणि बाहेर पडल्यामुळे नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. औषधाच्या चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत, चाचणीमुळेच इजा वा मृत्यू झाल्यास नुकसानभरपाई. प्रत्येक चाचणीला एथिक्स कमिटीची मान्यता लागते. त्या समितीत निदान सात सदस्य असतात, त्यांत एक कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिक असावाच लागतो. सामान्य नागरिक! आमच्यासारखा कारकून किंवा इथला एखादा निवृत्त शिक्षक तिथे बसू शकतो. आपल्या संस्थेने अशी नावे रुग्णालयांकडे सुचवली तर कोण अडवणार आहे? पण आपण कधी सुचवलीच नाहीत.

आणखी एक. देशातील औषधचाचण्यांची सरकारी नोंदवही 2007 पासून सुरू आहे आणि 2009 पासून चाचणीची तिथे नोंद करणे सक्तीचे झाले आहे. नोंदीला क्रमांक असतो. तो क्रमांक मागावा, मोबाईलवर ताडून पाहावा. बँकेत पावतीचा नंबर मागता तसाच. जो नंबर सांगावयास का कू करतो त्याच्याकडून उठून यावे.

रक्त देण्याचा अभ्यास आणि औषधाची चाचणी यांतला फरकही ध्यानात घ्या. पहिल्यात सुई टोचण्यापलीकडे शरीराला फारसा धोका नाही. धोका असतो तो माहितीचा. दुसऱ्यात शरीर पणाला लागते. याच जाड भिंतीच्या आजारावर मावाकॅम्टेन नावाची गोळी निघाली. 13 देशांतील 251 रुग्णांवर तिची चाचणी झाली आणि 2020 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 123 जणांना खरी गोळी, 128 जणांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. तीस आठवडे कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. ठरवलेल्या कसोटीला खऱ्या गोळीवाल्यांपैकी 37 टक्के उतरले, दुसऱ्या गटातले 17 टक्के. काही थोड्यांच्या हृदयाचे आकुंचन मात्र गरजेपेक्षा कमी झाले, म्हणून ही गोळी घेताना वरचेवर इको करावा लागतो. 2022 मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. आता सांगा, ज्यांच्या वाट्याला खोटी गोळी आली त्यांची फसवणूक झाली का? आधी सांगितले असेल आणि समजले असेल तर नाही. 'अभ्यासात गेलो म्हणजे मोठ्या डॉक्टरकडे फुकट इलाज' एवढेच समजून गेलो असू तर आपणच आपली फसवणूक केली.

दिरांचे दुसरे म्हणणे अधिक अवघड होते. ते म्हणाले, रक्तात दोष निघाला असे भावकीत कळले तर पोरींची लग्ने कोण करील? बैठकीत यावर शांतता पसरली. भाचीचे वय लग्नाचे. तिच्या आईला आजार आहे, म्हणजे तिला असण्याची शक्यता निम्मी.

आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही. आज बोलतो. आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची चाल आहे, सीमेवरच्या गावांत बहिणीची मुलगीही करतात. घराण्यात आजार असेल आणि तो लपवून आपण घरातल्या घरातच सोयरीक केली, तर तेच सदोष जनुक मुलाला दोन्हीकडून मिळू शकते. असे झाले तर आजार फार लवकर आणि फार तीव्र होतो, कधी तान्हेपणीच. लपवल्याने लग्न होईल, पण पुढे काय होईल? उलट आजार माहीत असलेली मुलगी दरवर्षी-दोन वर्षांनी इको करून घेईल, औषध घेईल, गरज पडली तर छातीत यंत्र बसवून घेईल, बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना आधी सांगेल. आत्याच्या नणंदेला हे सांगता आले नाही. 'सासरच्यांनी मारली' म्हणून वीस वर्षे भांडलो, त्यांतले काय खरे हे आता कधीच कळणार नाही.

माहिती बाहेर फुटण्याची भीती मात्र खरी आहे आणि तिचा बंदोबस्त फॉर्ममध्येच करून घ्यावा. नाव कोणाला दिसणार, रक्त किती वर्षे ठेवणार, दुसऱ्या देशात पाठवणार का, दुसऱ्या अभ्यासाला वापरणार का, निकाल आम्हांला सांगणार का, आणि सांगताना समजावून सांगणारा माणूस असेल का. विम्याचेही विचारावे. 2018 साली दिल्ली उच्च न्यायालयात एक प्रकरण आले होते. रुग्णाला हाच जाड भिंतीचा आजार, आणि 'आनुवंशिक आजार वगळले आहेत' असे सांगून कंपनीने दावा नाकारलेला. न्यायालयाने रुग्णाच्या बाजूने निकाल दिला, त्यानंतर मार्च 2018 मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना आरोग्य विम्यात असे सरसकट कलम घालू नका म्हणून कळवले. विमा कंपनी पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली. म्हणजे ही वाट पूर्ण मोकळी झाली असे समजू नये.

बैठक उठताना भाची म्हणाली, "थोरले आजोबा, तुम्ही नाही म्हणलाव तरी मी जाणार. माझं रक्त आहे." आवाज चढवला नाही. कायद्याने ती सज्ञान आहे, तिचा अधिकार तिचाच. तिचा धाकटा भाऊ पंधरा वर्षांचा. त्याच्यासाठी आईबापाची संमती लागते, पण या वयाच्या मुलाची स्वतःची लेखी अनुमतीही घ्यावी, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्याने तूर्त नको म्हटले आहे. त्याला क्रिकेट खेळू देणार नाहीत अशी भीती वाटते. त्याचा इको आम्ही वेगळा करून घेतला, सध्या ठीक आहे, वर्षाने पुन्हा करायचा. अभ्यासात येण्याची त्याच्यावर सक्ती केलेली नाही.

भाचीने मराठी संमतिपत्र मागवले. आले. भाषांतर असे होते की मूळ इंग्रजी बरे म्हणावे, 'प्रतिभागीस अपेक्षित असुविधा' वगैरे. तिने आणि आम्ही दोन रविवार बसून ते साध्या भाषेत लिहून काढले आणि संशोधकांना पाठवले. त्यांनी राग मानला नाही, उलट त्यांतले काही शब्द समितीपुढे ठेवतो म्हणाले. तिने आपल्या फॉर्मवर 'निकाल कळवावा' या चौकटीत खूण केली आहे. आमच्या आतेबहिणीने 'कळवू नये' यावर केली. दोघी एका घरात राहतात. थोरले दीर अजून नाहीच म्हणतात, आणि त्यांना तो अधिकार आहे.

संस्थेला एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. परगावी एक दिवस जाऊन येणे म्हणजे विडी वळणाऱ्या बाईचा किंवा यंत्रमागावरच्या माणसाचा त्या दिवसाचा रोज बुडतो. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मागता येते, ती लाच नव्हे. बहुतेकांना माहीत नसल्याने कोणी मागत नाही. संस्थेच्या कार्यालयात हे अर्ज भरून देणारा एक जण बसला तरी पुष्कळ काम होईल. आम्ही गुरुवारी संध्याकाळी बसायला तयार आहोत.

आणि दुसरी गोष्ट आमच्या घरची आहे. आत्या आता अभ्यासात पुन्हा यायला तयार आहे. तिने विचारले, या खेपेला कोण वाचून दाखवणार? साक्षीदार घरातला नको असे आम्हीच ठरवले आहे, म्हणजे आम्ही बाद. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्हांला सुट्टी असते, त्या दिवशी पहाटेच्या गाडीने तिला घेऊन निघायचे आहे. मराठी स्वच्छ वाचता येणारे, आत्याच्या नात्यातले नसलेले कोणी एक जण सोबत येणार असेल, तर सभा संपल्यावर दाराशी आम्हांला भेटावे. संमतिपत्राची प्रत बरोबर आणली आहे. आधी घरी नेऊन वाचा, मग हो म्हणा.

जयभीम.